विकता न येणारी घरं

बुकित्तिंगी शहराच्या कडेला जमीन चालता चालता संपते. पुढे सिआनोकची दरी, शंभरेक मीटर खोल, उभ्या भिंतींची. तळाशी रेतीचं रुंद पात्र आणि त्यात घोट्याएवढं पाणी. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाला उभं चिरत जाणारा मोठा भूभ्रंश इथूनच जातो. मानिनजाऊ ज्वालामुखीच्या फार जुन्या स्फोटात इथे राखेचे जाड थर साचले आणि नदीने ते या भेगेवर कापत नेले. म्हणून कडे सरळ उभे राहतात आणि भूकंप झाला की सरळच कोसळतात. मार्च २००७ मध्ये एकाच दिवशी दोन मोठे धक्के बसले, तेव्हा दरीची बरीच कड ढासळून खाली गेली. पलीकडच्या काठावर, सिंगालांग पर्वताच्या पायथ्याशी, झाडांमधून पत्र्याची छपरं आणि मशीद दिसते. ते कोतो गडांग.

पूर्वी लोक पायवाटेने दरीत उतरत आणि पलीकडे चढत. २०१३ साली इथे कठड्याच्या लांबच लांब पायऱ्या बांधल्या, मध्ये एक झुलता पूल. पर्यटक पुलावर फोटो काढतात आणि बरेचसे तिथूनच मागे फिरतात. वर चढून गेलं की गाव लागतं, आणि नजरेत भरतात ती घरं. विटांची, उंच खिडक्यांची, लाकडी झडपांची, डच अमदानीतल्या बंगल्यांच्या धाटणीची. टोकं वर उचललेली जी छपरं मिनांगकाबाऊ मुलुखाची ओळख मानली जातात, जी पादांगच्या विमानतळावरसुद्धा चढवली आहेत, ती इथे फारशी नाहीत. अंगण झाडलेलं, कुंड्यांना पाणी घातलेलं, आणि दाराला कुलूप. असं एक घर, मग दुसरं, मग सबंध गल्ली.

पडलेली घरं मी कोकणात पुष्कळ पाहिली आहेत. ही पडलेली नव्हती. कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

मिनांगकाबाऊ लोक पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ भागातले. नेमधर्माने चालणारे मुसलमान, आणि तरीही जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय समाज. मूल आईच्या कुळाचं. आज्या-पणज्यांचं घर आणि भातखाचरं आईकडून मुलीकडे येतात. नवरा लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातो आणि तिथे तो पाहुणा असतो, मानाचा, पण पाहुणाच. त्याला इकडची म्हण आहे: झाडाच्या खुंटावरची राख, वारा आला की उडाली. त्याची खरी जबाबदारी बहिणीच्या मुलांवर. भाच्यांची शिक्षणं, लग्नं, कुळाच्या जमिनीची राखण हे सगळं त्याने मामाक म्हणून बघायचं. कुळाचा प्रमुख, दातुक, पुरुषच असतो, पण ती पदवी त्याला बापाकडून मिळत नाही, मामाकडून मिळते. म्हणजे बायकांचं राज्य आहे असं नाही. बैठकीत पुरुष बोलतात, बायका आतून आपलं म्हणणं पोचवतात. पण बोलणारे पुरुष ज्या घरात बसलेले असतात ते घर बाईचं असतं, आणि याने फार फरक पडतो.

मला या गोष्टीची ओढ लागली ती क्वालालंपूरला राहायला गेल्यावर. आमची शेजारीण नेगेरी सेम्बिलानची, म्हणजे मलेशियातल्याच एका राज्यातली. काही शतकांपूर्वी मिनांगकाबाऊ लोक मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून तिथे वसले आणि आईच्या वंशाचा कायदाही बरोबर घेऊन गेले. ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "गावचं घर आम्हा बहिणींचं. भाऊ येतात, जेवतात, दोन दिवस राहतात, जातात." मी हातातली शेंग तशीच धरून बसले. माझं आजोळ राजापूरकडचं. आजोबा गेले त्या वर्षी आई आणि दोन्ही मावश्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माहेर तुटू नये एवढंच कारण, आणि तिघींनाही ते पटलेलं होतं. आज त्या घराला कुलूप आहे, सातबाऱ्यावर मामेभावांची नावं आहेत, आणि आई गणपतीत गावी गेली तर चुलतभावाकडे उतरते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा दिला, देशाने २००५ साली दिला. सह्या अजून चालूच आहेत. कायदा येऊनही बाई स्वतःच्या हाताने घर सोडून देते, कारण घर मागितलं तर माणसं जातील ही भीती तिला असते. जिथे ही भीतीच नाही अशा ठिकाणी बायका कशा राहतात, हे मला जवळून बघायचं होतं.

कोतो गडांगमध्ये मी ज्यांच्याकडे उतरले त्यांना सगळे अमाई म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. सत्तरीच्या पुढच्या, ताठ पाठीच्या, बोलताना हातातलं भरतकाम न थांबवणाऱ्या. मला त्या पहिल्या दिवसापासून उपियाक म्हणजे पोरी म्हणत. आमचं संभाषण माझ्या मोडक्यातोडक्या मलयमध्ये आणि त्यांच्या निवांत इंडोनेशियनमध्ये चाले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी जकार्तात काढला, नवऱ्याची नोकरी तिथे होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आल्या आणि मग इथेच राहिल्या. दिवाणखान्यात भिंतभर फोटो. ओळख करून देताना त्या आधी आईचा, मग आजीचा, मग पणजीचा फोटो दाखवत वर वर गेल्या. पुरुष येत होते ते बाजूच्या फांद्यांवर: हा हिचा भाऊ, डॉक्टर, हा तिचा नवरा, मेदानकडचा वकील. मी माझी वंशावळ अशी सांगू लागले तर आजीच्या आईपाशी अडखळते. तिचं माहेरचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

या गावाने बाहेर पाठवलेल्या माणसांची यादी गावाच्या आकाराला न शोभणारी आहे. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या काळातले परराष्ट्रमंत्री हाजी आगुस सालिम इथलेच. देशाचे पहिले पंतप्रधान सुतान शहरीर यांचं घराणं इथलं. १९४७ च्या वसंतात दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली तिला हे दोघंही आले होते. त्याच वर्षी जुलैत डचांनी जावावर हल्ला केला, तेव्हा बिजू पटनाईकांनी आपलं डाकोटा विमान नेऊन शहरीर यांना बाहेर काढलं. याशिवाय डॉक्टर, सरकारी वकील, शिक्षक, अधिकारी किती तरी.

एवढ्याशा गावात हे कसं झालं, याची मुळं घराच्या रचनेतच आहेत. जुन्या मोठ्या घरातल्या खोल्या मुलींसाठी असत. मुलगा जाणता झाला की झोपायला सुराऊमध्ये जाई. ती नमाजाची जागा, तीच त्याची शाळा आणि तीच वसतिगृह. आईच्या घरात त्याला पान वाढलेलं असे, पण अंथरूण नसे. बायकोचं घर अजून मिळालेलं नसे. मधल्या वर्षांत त्याने करायचं काय? परमुलखात जायचं. याला मरांताऊ म्हणतात, आणि त्यावर एक चारोळी मिनांग पोरांच्या तोंडी असते, तिचा मतलब असा की पोरा, आधी बाहेर जा, घरात अजून तुझा उपयोग नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण पोराला हाकलण्यामागे खात्री असते की घर जागेवर राहणार आहे, ते सांभाळणाऱ्या तिथे आहेत.

कोतो गडांगला ही रीत इतरांपेक्षा जास्त लागू पडली, कारण जमीन थोडी. दरीच्या कडेला भातशेती होऊन होऊन किती होणार? गाव सोनारकामावर आणि भरतकामावर जगायचं. १८४७ पासून डचांनी या डोंगरांत सक्तीची कॉफी सुरू केली. प्रत्येक कुटुंबाने झाडं लावायची आणि बिया ठरलेल्या भावात सरकारी वखारीत घालायच्या. १९०८ पर्यंत हे चाललं. लोक सांगतात की बिया साहेबाला गेल्या आणि आमच्या वाट्याला पाला आला. तो पाला ते अजून पितात. कॉफीची पानं काडीला ओवून चुलीच्या धुरावर खडखडीत होईपर्यंत वाळवायची, मग मडक्यात उकळायची आणि करवंटीतून प्यायची. त्याला कावा दाउन म्हणतात. बुकित्तिंगीच्या वाटेवरच्या टपरीत मी तो प्यायले. रंग कोऱ्या चहाचा, वास धुराचा, चव कॉफीचीही नाही आणि चहाचीही नाही. टपरीवाल्या बाईने गूळ पुढे केला आणि सोबत गरम तळलेली केळी दिली.

वखारी आल्या तसे कारकून लागू लागले, हिशेब लिहिता येणारे. ज्यांच्याकडे जमीन मुबलक त्या गावांना या नोकरीची गरज नव्हती. कोतो गडांगला होती. १८५६ मध्ये फोर्ट द कॉक, म्हणजे आजचं बुकित्तिंगी, इथे शिक्षक घडवणारी शाळा निघाली. दरी ओलांडली की शाळा. गावाने पोरं तिथे घातली, तिथून पुढे बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, घातली, आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीला तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून शिक्षणाचा निधीच उभा केला. खाचर लहान होतं म्हणून लेखणी हातात आली.

आता १८८४ हे साल घ्या. त्या वर्षी ऑक्टोबरात कोतो गडांगमध्ये आगुस सालिम जन्मले आणि डिसेंबरात रोहाना. एकाच गावातली, नात्यातली मुलं. सालिम बटाव्हियाच्या डच हायस्कुलात गेले आणि १९०३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. डॉक्टर व्हायला हॉलंडला जायचं होतं, पण सरकारने शिष्यवृत्ती दिली नाही. जावामधल्या कार्तिनी नावाच्या मुलीला स्वतःच्या शिक्षणासाठी मदत मंजूर झाली होती आणि तिला जाता येणार नव्हतं. तिने न पाहिलेल्या या मुलाला ती द्यावी असं डच स्नेह्यांना कळवलं. तेही झालं नाही. सालिम १९०६ मध्ये जेद्दाहच्या डच वकिलातीत नोकरीला गेले, परत आल्यावर १९१२ साली त्यांनी स्वतःच्या गावात शाळा काढली, आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बाहेर पडून राजकारणात शिरले.

रोहाना कोणत्याही शाळेत गेली नाही. घर तिचं होणार होतं, खाचर तिचं होणार होतं, पण पाटी भावांसाठी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मातृवंशाचं कौतुक करणारे लोक इथे थांबत नाहीत. घराची मालकी बाईला छप्पर देते, मान देते, नवऱ्याने टाकलं तर रस्त्यावर येऊ देत नाही. पण घराची राखणदार म्हणून तिला उंबऱ्याच्या आतही ठेवते. गावच्या मुलीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न करायचं नाही, असा कडक दंडक या गावात पुष्कळ काळ होता. मुलगी बाहेर गेली तर कूळच बाहेर जाईल, ही त्यामागची भीती.

रोहानाला अक्षरं दिली तिच्या वडिलांनी. ते सरकारी वकील, घरात वर्तमानपत्रं येत. बदलीच्या गावी शेजारच्या अधिकाऱ्याच्या बायकोने तिला लिहिणं-वाचणं आणि विणकाम शिकवलं, आणि ती लगेच ओसरीवर इतर पोरींना शिकवू लागली. आई लवकर गेली. १९०८ साली तिचं लग्न अब्दुल कुदुस यांच्याशी झालं आणि ती रोहाना कुदुस झाली. ११ फेब्रुवारी १९११ रोजी तिने गावातल्या बायकांना एकत्र करून केराजिनान अमाई सेतिया ही संस्था काढली. अमाई म्हणजे इथल्या आया, म्हणजे माझ्या यजमानीणबाईंसारख्या बायका. संस्थेत त्या लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला, कुराण वाचायला, शिवायला शिकत, आणि त्यांनी केलेलं भरतकाम संस्था विकत असे. पैसा हातात येई तो स्वतःचा. पुढच्याच वर्षी, १० जुलै १९१२ रोजी, पादांगहून सुंतिंग मेलायू हे बायकांसाठीचं वर्तमानपत्र निघालं. उतुसान मेलायू या वर्तमानपत्राचे संपादक दातुक सुतान महाराजा यांनी ते छापायची तयारी दाखवली आणि रोहाना गावात बसून ते संपादित करू लागली. १९२१ पर्यंत ते चाललं.

विरोध झाला, गावातूनच झाला. पुढे संस्थेतही तिच्यावर आरोप आले. ते सिद्ध झाले नाहीत, पण ती दरी ओलांडून बुकित्तिंगीला गेली आणि तिथे नवी शाळा काढली. शहरीर तिचे सावत्र भाऊ, वडील एक. भावाचं नाव जगाला कळलं. रोहाना १९७२ साली वारली आणि इंडोनेशियाने तिला राष्ट्रीय वीर म्हणून गौरवलं ते २०१९ मध्ये.

केराजिनान अमाई सेतियाची इमारत गावात अजून उभी आहे. आत काचेच्या कपाटांत भरतकाम आणि चांदीच्या वस्तू आहेत, आणि त्या विकल्याही जातात. इथल्या भरतकामाचे दोन प्रकार अमाईंनी मला कापड डोळ्यांजवळ धरून दाखवले. एक सुजी चाइआ, ज्यात एकाच रंगाच्या छटा गडद ते फिक्या अशा एकमेकींत उतरवतात, पाकळीवर रंग सांडून पसरला असं वाटतं. दुसरा कापालो सामेक, टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींनी भरलेला. एकेका गाठीला सुईवर दोऱ्याचा वेढा घ्यायचा, ओढायचं, बाजूला पुढची गाठ. एका पदराला महिने लागतात. अमाईंच्या हातातला पदर भाचीच्या लग्नासाठी होता. लग्न अजून ठरलेलं नव्हतं.

चांदीचं काम करणारे आता थोडे उरले आहेत. त्यातल्या एका उदांकडे, उदा म्हणजे इकडचा दादा, मी सकाळभर बसले. ते चांदी वितळवून कांडी ओततात, मग तार ओढायच्या जंतरातून एकेका बारीक भोकातून ओढत नेतात. दर ओढीला तार लांबते, कडक होते, मग जाळावर धरून नरम करायची आणि पुन्हा ओढायची. शेवटी केसाहून थोडी जाड. अशा दोन तारा एकत्र पिळून, दाबून चपट्या केल्या की कडेला बारीक दाते दिसतात. जाड तारेची चौकट आधी करून ठेवलेली असते, समजा फुलाची. मग चिमट्याच्या टोकावर ती पिळाची तार गुंडाळत गुंडाळत पाकळी आतून भरायची, वळणाला वळण टेकवून, मध्ये मोहरी मावेल एवढीही फट न ठेवता. सगळं बसलं की वर टाकणखार आणि डाकाची पूड भुरभुरवायची आणि फुंकणीने ज्योत वाकवायची. एक क्षण चांदी लाल दिसते, पूड वितळून पळते, आणि त्याच क्षणाला जाळ काढून घ्यावा लागतो. अर्धा श्वास जास्त झाला तर सकाळभरचं काम गोळा होतं. उदांनी ज्योत काढली तेव्हा मी धरलेला श्वास सोडला. "मुलगा पेकानबारूला बँकेत आहे," ते म्हणाले. "हात चांगला होता त्याचा."

अमाईंकडे रात्री वीज गेली तेव्हा मी त्यांना विचारलं, की धर्माने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सांगितला आहे आणि तुमच्या रीतीने घर सगळंच मुलींचं, हे जुळतं कसं. हा प्रश्न इथे माझ्या आधी फार मोठ्या माणसांनी विचारला आहे. याच आगाम भागातले शेख अहमद खातिब मक्केच्या मोठ्या मशिदीत इमाम झाले. त्यांनी मिनांगकाबाऊंच्या या वारसापद्धतीवर कडक टीका केली. जेद्दाहला असताना सालिम त्यांच्याकडे शिकत होते. वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९५२ साली बुकित्तिंगीत धर्मपंडित आणि कुळांचे दातुक एकत्र बसले आणि त्यांनी तोड काढली: जे पूर्वजांकडून कुळाला आलं ती पुसाका, ती रीतीप्रमाणे आईच्या वंशात राहील, जे माणसाने स्वतः कमावलं ते त्याच्या मुलाबाळांत धर्माच्या कायद्याने वाटलं जाईल. अमाईंनी हे सगळं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "वाटा मेलेल्या माणसाच्या मालाचा करायचा असतो. हे घर कुणाच्या मालकीचं होतं म्हणून वाटणार? माझं नाही. माझ्या आईचं नव्हतं. ज्या मुली अजून जन्मायच्या आहेत त्यांचं आहे."

त्या उत्तराशी मी बराच वेळ झुंजले. सातबाऱ्यावर आईचं नाव असावं असं मला वाटत आलं आहे, अजूनही वाटतं. आमच्याकडे नाव नसेल तर बाई कुठेच नसते. पण इथे कुणाचंच एकटीचं नाव नाही, म्हणून कुणालाच सही करून सोडता येत नाही, आणि बाईला घर राखण्यासाठी भावाशी भांडावं लागत नाही. हक्क द्यायची ही दुसरी रीत आहे, आणि आपल्या कायद्यांनी ती कधी करून पाहिली नाही.

पुसाका विकता येत नाही. गहाण मात्र टाकता येते, चार कारणांसाठी, आणि ती चार इथल्या लहान मुलीलाही पाठ असतात. घरात प्रेत पडलं आहे आणि मातीला पैसे नाहीत. घराचं छप्पर गळतं आहे. घरात उपवर मुलगी आहे आणि लग्न करता येत नाही. आणि कुळाची दातुकाची पदवी रिकामी पडली आहे, नवा दातुक बसवायचा आहे. त्यासाठीही सगळ्या कुळाची संमती लागते. गहाण घेणाऱ्याने खाचर कसायचं, पीक खायचं, व्याज नाही. रक्कम सोन्याच्या वजनात ठरते, म्हणजे वीस वर्षांनी सोडवलं तरी कुणी बुडत नाही. सोडवायला मुदत नसते. नात सोडवू शकते, पणतीही.

मी राहत होते तेव्हा अमाईंच्या घरात नेमकं दुसरं कारण उभं होतं. मारापी पर्वत डिसेंबर २०२३ मध्ये भडकला, वर गेलेले वीसहून जास्त गिर्यारोहक त्यात गेले, आणि पुढे महिनोन्‌महिने राख येत राहिली. पत्र्यावर राख बसते, त्यावर पाऊस पडतो आणि पत्रा चाळणी होतो. मागच्या खोलीत तीन बादल्या ठेवलेल्या होत्या. कुळाचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यात चाळीसेक जण, जकार्ता, बांडुंग, मेदान, एक जण रोटरडॅम. दातुक जकार्तात, वाहनांच्या सुट्या भागांचा व्यापार करतात. रोज संध्याकाळी अमाई चष्मा लावून गट वाचून दाखवत. बहुतेकांचं म्हणणं, वर्गणी काढू, आठवड्यात पैसे जमतील. अमाईंच्या धाकट्या मुलाने तर एकट्यानेच सगळे पैसे द्यायची तयारी दाखवली, ज्या घरात त्याचा वाटा नाही त्या घरासाठी. मला वाटलं प्रश्न सुटला.

अमाई मात्र अडून बसल्या. त्यांना खाचर गहाण टाकायचं होतं. दरीच्या बाजूचं, चार दांडांचं, चांगल्या पाण्याचं. गटात गलका झाला. पैसे हातात असताना जमीन कशाला अडकवायची? अमाईंनी लिहून काहीच उत्तर दिलं नाही. मला मात्र सांगितलं, भाजी चिरता चिरता. अमाईंना मुलगे दोन, मुलगी नाही. घर पुढे जायचं ते बांडुंगच्या भाचीकडे, बहिणीच्या मुलीकडे. ती हुशार आहे, इंजिनियर आहे, गावी येते ती ईदला दोन दिवस, आणि भातखाचराचा बांध कुठून कुठे जातो ते तिला माहीत नाही. "वर्गणी दिली की माणूस विसरतो, उपियाक. पैसे दिले, काम झालं. गहाण राहिलं तर तिला सोडवायला यावं लागेल. ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात बसावं लागेल. किती सोनं, कुठली खाचर, पलीकडचं कुणाचं, सगळं विचारावं लागेल. इथे कागद नाही. विचारल्याशिवाय कळत नाही."

भाचीचा फोन त्या आठवड्यात दोनदा आला. दुसऱ्यांदा तिचा आवाज चढला होता, आणि अमाई नुसत्या हं हं करत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "बघितलंस? आत्ताच चार प्रश्न विचारले तिने."

दातुकांचा होकार मी निघायच्या आदल्या दिवशी आला. खाचर गल्लीतल्याच एका घराकडे गेलं, सोन्याच्या दहा अमेहांना. इकडचा अमेह अडीच ग्रॅमचा. पत्रे पायाकुंबुहहून येणार होते. धाकट्या मुलाने पैसे देण्याचा हट्ट सोडला नाही, तेव्हा अमाईंनी त्याला मागच्या खोलीचे वासे बदलायला लावले. भाची ईदला चार दिवस आधी येते म्हणाली आहे. आली की पहिल्या सकाळी तिला रबरी बूट घालून खाचरावर न्यायचं आणि चारही कोपऱ्यांवर उभं करायचं, असं अमाईंनी ठरवलं आहे. बूट त्यांनी बुकित्तिंगीच्या बाजारातून माझ्यादेखत घेतले, एक नंबर मोठेच.